दिवाडीचं खाजन परत लावताना: २०२५ च्या नोंदी

ओळख थोडक्यात. मी एका शेती कंपनीत फिल्डवर आहे, घर डिचोलीला. कंपनीने गोव्यातल्या दिवाडी बेटावरचं साधारण चौदा हेक्टर खाजन (नदीचं खारं पाणी बांधाने अडवून राखलेली सखल भातजमीन) परत लागवडीखाली आणायचं काम घेतलंय, बांधाला खांड (भगदाड) पडल्यापासून काही वर्षं पडीकच होतं ते. चोडण, जुवे, कुंभारजुवे, नाहीतर तिकडे साष्टीत कोणी असलंच काम काढणार असेल तर उपयोगाला येईल म्हणून लिहितोय. पोंय (मानशीच्या आत पाणी साठतं ते तळं), मानस (बांधातलं पाण्याचं दार), मेर (आतला छोटा बांध) हे ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठीच आहे हे. बाकीच्यांनी एकदा जुने गोव्याहून फेरी पकडून यावं आणि बघावं, समजावून सांगण्यापेक्षा सोपं पडेल.

नावं कोणाचीच घालत नाही, बेट छोटं आहे.

१२ जानेवारी

कागदपत्रं. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा म्हणा) जी नावं आहेत त्यातली अर्धी माणसं वारलीत, त्यांची मुलं कोण पोर्तुगालला, कोण इंग्लंडात स्विंडनला, कोण दुबईत. व्हॉट्सअॅपवर संमती मिळते, सही मिळत नाही.

पणजी ऑफिसचा मूळ प्लॅन होता जमीन लीजवर घ्यायची. पहिल्याच मीटिंगला तो संपला. जमीन दुसऱ्याला कसायला दिली की कूळ लागतं ही भीती १९६४ च्या कूळ कायद्यापासून इथे घराघरात आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीत कसणारा मालक झाला तेव्हा समोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरी जमीन आली होती, काहींच्या घरून गेली होती, त्यामुळे 'करार फक्त अकरा महिन्यांचा आहे हो' हे वकिली बोलणं कोणी ऐकूनच घेत नाही. विकत घेण्याचा तर विषयच नको, २०२३ च्या कायद्यानंतर भातशेत बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. बरंच आहे ते.

शेवटी ठरलं ते असं. जमीन ज्याची त्याच्याकडे. नांगरणी, पेरणी, कापणी कंपनी करून देणार, बांध आणि मानशीवर पैसा घालणार, आणि भात आधीच ठरलेल्या दराने घेणार. खर्च वळता करून उरेल ते मालकाला, ज्याला घरच्या खाण्यापुरतं भात हवं त्याला भातच. करार दोन पानांचा, मराठीत आणि रोमी कोंकणीत. इंग्रजीतला सोळा पानांचा होता तो तसाच फायलीत आहे.

२९ जानेवारी, अमावस्या

उधाणाची भरती बघायला मुद्दाम आजचा दिवस धरला. भांगाला (भरती कमी चढते त्या दिवसांत) सगळाच बांध चांगला दिसतो, कुठे बसलाय ते उधाणालाच कळतं. पाणी जिथे जिथे काठाला टेकलं तिथे काठीला लाल रिबीन बांधत गेलो. खांड एकच म्हणत होते सगळे, पण बांध खाली बसलेल्या जागा बऱ्याच निघाल्या, आणि मानशीच्या बाजूला खेकड्यांनी इतकी बिळं केलीत की पाणी बांधावरून नाही, बांधातून येतंय.

मोजणीला सांगितलेला बोरी गावचा गडी आलाच नाही. त्यांच्याकडे पौष अमावास्येला मानगे थापणी, चिखलाची मगर करतात, खवल्यांच्या जागी शिंपले लावतात आणि पूजा करतात. ती सोडून तो आमच्या रिबिनी बांधायला येणार होय. मजूर सांगण्याआधी पंचांग बघावं.

खारटपणा मोजायला पेनासारखा ईसी मीटर घेतलाय. आतल्या डबक्यात १९ दाखवला. भाताला ३ च्या वर गेलं की उतारा घसरायला लागतो. पावसाने धुवून निघणार हे सगळ्यांना माहीत आहे, किती लवकर निघणार त्यावर सगळा हंगाम.

१८ फेब्रुवारी

खांडीजवळच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला तिवरं वाढलीत, काही माझ्या डोक्याच्या वर. ऑफिसातून फोन, 'मशीन तिथेच आहे ना, साफ करून घ्या.' घेता येत नाही. तिवराला १९८४ चा वृक्ष कायदा लागतो, आणि २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळा भाग आहे, त्यात खाजन राखा म्हटलंय आणि तिथली तिवरंही राखा म्हटलंय. व्यवहारात काय होतं, ज्याने वेळेत खांड बुजवली नाही त्याच्या शेतात जंगल उगवतं आणि मग ते हलत नाही. मालकांचा राग मला कळतो. वडिलांनी भात काढलेली जागा, आता फांदी तोडायलाही परवानगी.

दीड हेक्टर सोडून दिलं आणि त्याच्या कडेने आतून मेर घालायची ठरवली. तो कोपरा बघायला आत शिरलो तेव्हा मुळांजवळ हुदाळ्यांची (पाणमांजरांची) विष्ठा दिसली, नुसते खवले आणि खेकड्याच्या नांग्यांचे तुकडे, ताजी. दीड हेक्टर गेल्याचं माझं दुःख तिथल्या तिथे अर्धं झालं, मालकांचं अर्थात नाही. ज्यांचे पट्टे त्या कोपऱ्यात आहेत त्यांना कंपनीने वर्षाला काहीतरी रक्कम द्यावी असा प्रस्ताव पाठवलाय.

१७ मार्च

शिगम्यात बांध बसला.

खांड बुजवायला एक्स्कॅव्हेटर आणला होता, तासाला चौदाशे, फेरीचं भाडं वेगळं, आणि फेरीवर चढवायला भरती बघावी लागते कारण सुकतीला (ओहोटीला) धक्क्याचा उतार इतका उभा होतो की मशीनचं नाक टेकतं. मशीन आलं की प्रत्येक तास डोक्यात वाजत असतो. ठेकेदाराने मग जवळची माती घेतली, म्हणजे बांधाच्या पायथ्याचीच, आतल्या बाजूने खणून वर टाकली. कूळ संघटनेतले (बांध-मानस सांभाळणारी शेतकऱ्यांची संघटना) एक काका, सत्तरीच्या पुढचे, पहिल्या दिवशीच सांगून गेले होते की पायथ्याची माती डोक्यावर घालू नका बाब, बांध त्याच खड्ड्यात येऊन बसेल. ठेकेदार हो हो म्हणाला.

१४ ला पुनव. रात्रीच्या भरतीला नव्या बांधातला वीसेक मीटरचा तुकडा सरकला आणि बरोबर त्या खड्ड्यात जाऊन बसला. वाहून नाही गेला, तेवढं नशीब. साठेक हजार मात्र गेले, ठेकेदार म्हणतो जमीनच मऊ होती. जमीन मऊ आहे म्हणूनच तर तुला बोलावला होता.

आता काकांच्या पद्धतीने चाललंय. आधी खड्डा भरला, त्याच्या कडेला माडाचे ओंडके उभे ठोकले. माती आणायची ती नदीच्या बाजूने, बांधापासून लांब, सुकतीला उघड्या पडणाऱ्या चरातली. ती फावड्याने विटेसारखी चौकोनी कापून होडीत भरतात, भरतीबरोबर होडी बांधाला लावतात. एका वेळी फूटभर थर, पायांनी तुडवायचा, लाकडी पेटण्याने बडवायचा, मग चार-पाच दिवस सुकू द्यायचा, वरून भेग पडायच्या आत पुढचा थर. भेग पडली की दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि पाणी मधून वाट काढतं. मशीनपेक्षा हळू, आणि फार स्वस्तही नाही. पण उभा आहे.

मजुरीवरून वाद झाला. चिखलाची टोपली बायका तेवढीच उचलतात आणि त्यांना कमी हजेरी कशाला, असं बचतगटातल्या एका बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं. उत्तर कोणाकडे नव्हतं. हजेरी सारखी केली. दोन पुरुष काम सोडून गेले, एक परत आला.

३० मार्च

पाडवा घरी करायचा होता, मानशीवर झाला.

मानशीचं जुनं लाकडी दार कुजलेलं होतं. ऑफिसच्या इंजिनियरने त्याजागी लोखंडी दार केलं, वर चाक, फिरवलं की दार वर-खाली. दिसायला झकास, पावणेदोन लाख. चाक फिरवायला माणूस लागतो ही त्यातली मेख. दिवसातून दोन भरत्या, दोन सुकत्या, रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकणार, म्हणजे पंधरवड्यात एक तरी बंद करण्याची वेळ रात्री अडीचला येणार. ठेवलेला माणूस काल अमावस्येच्या रात्री झोपला. झोपणारच, मीही झोपलो असतो. सकाळी उन्हाळी नांगरट केलेला अख्खा खालचा पट्टा पाण्याखाली. आत्ता पीक नाही म्हणून नुकसान कमी वाटतं, पण सुकत आलेली जमीन परत भिजली, आणि ढेकळं फोडून ठेवली होती ती लापशी झाली.

आणि खाऱ्या हवेत महिन्याभरात चाकाच्या आट्यांना गंज. ग्रीस लावा म्हणाले. लावलं. त्या ग्रीसवर चिखल बसला.

२ मे

लाकडी दार बसलं. सगळ्या कामात मला सगळ्यात समाधान या गोष्टीचं म्हणून जरा लांबण लावतो.

मेस्त (सुतार) बेटावरचेच, अशी दारं करणारे आता फार उरले नाहीत. लाकूड किंदळाचं, जुनं, वाळलेलं. चौकट जांभ्याच्या बांधकामात रुतवलेली, त्यात दोन पाखं, ती नदीच्या बाजूला उघडतात. सुकतीला नदी खाली गेली की आतलं पाणी पाखं ढकलून बाहेर पडतं. भरतीला नदीचं पाणी चढायला लागलं की तेच पाखं दाबून लावून टाकतं. चाक नाही, माणूस नाही, रात्र नाही. पाखं लाकडाच्याच खुंट्यांवर फिरतात, लोखंडाचा खिळा मेस्तांनी एकही मारू दिला नाही, मी स्टेनलेसचा म्हटलं तर माझ्याकडे बघून हसले. फटी बुजवायला चिकट चिखल आणि भाताचं तूस कालवून बोटांनी भरलं, जिथून थेंब येईल तिथे परत.

एकच गोष्ट जमायला वेळ गेला. डावं पाख चौकटीवर नीट बसत नव्हतं, करंगळीएवढी फट राहायची आणि भरतीला त्यातून पिचकारी. मेस्तांनी रंधा काढला नाही. दोन भरत्या नुसतं बघत बसले, लाकूड फुगू दे म्हणाले, आणि फुगल्यावर जी उरली तेवढीच तासली. आधीच तासलं असतं तर पाणी पिऊन दार चौकटीत अडकलं असतं.

सगळं मिळून लाखाच्या आत. लोखंडी दार भंगारात घालायला मन होत नाहीये, ताडपत्रीखाली ठेवलंय.

२४ मे

पाऊस. हे काय चाललंय कळत नाही, २० पासून धो धो, आणि आज केरळात मान्सून आला म्हणून जाहीरही झालं. गोव्यात जून उजाडायच्या आत मान्सून धरून आम्ही काहीच आखलं नव्हतं. वरचा बांध एक थर कमी आहे, तो आता पुढच्या वर्षी. नांगरट अर्धी राहिलीय.

चांगली बाजू, शेतातलं पाणी मीटरवर रोज उतरतंय. आज ६.

१४ जून

मे अखेरीला मीटर ३ च्या खाली आला. काका म्हणाले थांबा, मिरगाचा पाऊस बघू. ऑफिसातून रोज विचारणा, पेरलं का, पेरलं का. खालच्या पट्ट्यात मोड आणलेलं कोरगुट (खाजनातलं गावठी भात) टाकलं. आणि पाऊस गेला. मे अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत नुसतं ऊन, अधूनमधून शिंतोडे. वरचं पाणी आटलं आणि खालचा खार वर आला. संध्याकाळी वाकून बघितलं तर दोन बोटं उंचीच्या रोपांची शेंडं पांढरी, चिखलावर मिठाची साय आलेली, बोटाने खरवडली तर निघते. मीटर ११. खालचा पट्टा जवळजवळ पूर्ण गेला.

कोरगुट खार सोसतं हे खरं, पण मोठं झाल्यावर. कोवळं रोप सोसत नाही. पहिल्या धुण्याला भुलू नये, लागोपाठ पावसाचा जोर दिसल्याशिवाय बी भिजत घालू नये, मीटर काहीही म्हणो. बी शंभर किलोवर गेलं, आणि कोरगुटाचं बी दुकानात मिळत नाही, ते कोणाच्या तरी घरच्या कणगीतून येतं. परत मागायला त्याच दारात जायचं म्हणजे तोंड लागतं.

वरच्या पट्ट्यात ज्योती वाणाची रोपं गादीवाफ्यावर होती, ती सुखरूप.

५ जूनचं राहिलं. पर्यावरण दिन म्हणून ऑफिसने टोप्या, टी-शर्ट आणि तिवराची तीनशे रोपं पाठवली, बांधाच्या कडेने शाळेच्या मुलांकडून लावून घ्यायची आणि फोटो. रोपं बांधाच्या आतल्या बाजूला लावायचा नकाशाच होता सोबत, कारण तिथे उभं राहायला जागा आहे. फेरीवरून उतरवतानाच लोकांनी अडवली, आणि बरोबर अडवली. दीड हेक्टरचं फेब्रुवारीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. बाहेर नदीच्या बाजूला तिवर बांध राखतं, आत आलं की शेत खातं. रोपं बाहेरच्या चिखलात लावली, सुकतीला, गुडघाभर रुतून, मोठ्या माणसांनी. मुलांना खेकड्यांची बिळं शोधून त्यात काठी रोवायला लावली, मजा आली त्यांना. टोप्या कापणीला कामाला येतील.

२९ जून

दुसरी पेर झाली, बी तीन घरांतून गोळा केलं, परत करताना दीडपट द्यायचं कबूल केलंय. एका बाजूला गोवा धान-१ ची एक पट्टी टाकली, पलीकडे एलाला आयसीएआरचं (सरकारी कृषी संशोधन परिषदेचं) केंद्र आहे त्यांचं, कोरगुटातूनच निवडलेलं वाण.

आणि लगेच खारं पाणी आत. अमावस्येला (२५ ला) मानशीतून. दार मोडलं नव्हतं, पाखाला आतून ओंडका लावून उघडं धरलं होतं. कोणी ते सगळ्यांना माहीत आहे. मानशीवर जाळं लावायचा हक्क संघटना दरवर्षी पावणीत (लिलावात) देते, ज्याने तो घेतलाय त्याने पैसे आधीच भरलेत. अमावस्या-पुनवेच्या रात्री मानशीला सुंगटं (कोळंबी) मिळतात, पण आत पाणी येऊ दिलं तर सुकतीला जाळ्यात पडणार. तो चोर नाही. संघटनेच्या बांधाच्या दुरुस्तीला पैसा येतो तो त्याच पावणीतून येतो, आणि शेत पडीक होतं तेवढी वर्षं ओंडका लावण्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मीटिंग चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये. दीड तास आरडाओरड, मग चहा, मग काम. ठरलं: भात उभं आहे तोवर पाख अडवायचं नाही, जाळं फक्त सुकतीला बाहेर पडणाऱ्या पाण्यावर. मानशीवर राखण्या ठेवायचा तो शेतकऱ्यांनी निवडलेला, महिना पगार कंपनीचा. जाळेवाल्याचं जे नुकसान होईल त्याचा अर्धा भाग या वर्षी कंपनी देणार. ऑफिसने विचारलं हा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, समाजकार्यात की उत्पादनात. मी म्हटलं बांधकामात टाका.

पाऊस जोरात होता म्हणून पीक वाचलं. पोंयेजवळ मीटर ९ वर गेला होता, चार दिवसांत खाली.

२६ ऑगस्ट

उद्या चवथ, म्हणून आज सगळं उरकतोय.

पीक चांगलं. त्रास जांभळ्या पाणकोंबड्यांचा. तिवराच्या कोपऱ्यात राहतात आणि मेर ओलांडून येतात, रोप मुळाजवळ कापून आतला पांढरा भाग तेवढा खातात, बाकी टाकून देतात. चमकत्या रिबिनी लावल्या, आठवडाभर घाबरल्या, नंतर रिबिनीखालीच बसायला लागल्या. शेवटी पहाटे आणि संध्याकाळी डबा वाजवत फिरणारा एक म्हातारा ठेवलाय. जाळी नको, हुदाळे अडकतील.

बोंदेराला (बेटावरचा झेंड्यांचा उत्सव) कंपनीचा बॅनर लावायचा आग्रह होता ऑफिसचा, शनिवारी होता. नाही लावला. मानशीवरून जूनमध्ये एवढं रामायण झाल्यावर दोन महिन्यांत बॅनर घेऊन मिरवायचं कसं वाटतं ते ऑफिसला पणजीत बसून कळत नाही.

१६ ऑक्टोबर

वरच्या पट्ट्यातली ज्योती कापली. कंबाईन हार्वेस्टर फेरीवरून आला, वर चालला, खाली उतरायला गेला तो मशीनच्या पट्ट्यापर्यंत रुतला. ट्रॅक्टर लावून ओढला, दिवस गेला. खालचा पट्टा विळ्यानेच. खालचं अजून हिरवटच आहे, दुसऱ्या पेरीचं.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाल्यावर आठवडाभर पाऊस. अरबी समुद्रात डिप्रेशन. कोरगुट उंच वाढतं, ओंबी भरली की तसंही वाकतं, आता सगळं आडवं पाण्यात. लांब कुसळांचं भात पाण्यात पडलं की चिखल धरून बसतं, हातात घेतलं तर मूठभर भातात अर्धा चिखल. काही ओंब्यांना शेतातच मोड.

जूनमध्ये पहिली पेर टिकली असती तर हे भात दिवाळीआधी खळ्यावर असतं. जूनमध्ये घाई केली आणि दंड ऑक्टोबरमध्ये भरला. काका काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मानशीने मात्र कमाल केली. एवढं पाणी पडलं ते दोन-तीन सुकतीत बाहेर, शेजारच्या खाजनात अजून कंबरभर आहे. त्यामुळे कापायला उतरता तरी आलं. चाळीसेक माणसं, निम्मी बेटावरची, निम्मी बाहेरून. टोप्या कामाला आल्या.

१९ नोव्हेंबर

हिशेब. ज्योती हेक्टरी तीन टनांच्या आसपास, ठीक. कोरगुट दीड टनाला पोचलं नाही, त्यातलं मोड आलेलं कोंबड्यांना गेलं. बीचं दीडपट आधी फेडलं, चांगलं भात निवडून. गोवा धानची पट्टी उशिरा पेरलेली असूनही त्यातल्या त्यात बरी, पण एका पट्टीवरून मी काही सांगणार नाही.

विकायचं भात उकडं करून विकलं तर दर मिळतो, इथे जेवणात उकडेच लागतात. बचतगटाने घरच्या भाणात उकडून बांधावर सुकवून दिलं, सुरुवातीच्या घाण्यात दाणा फुटला कारण उन्हात एकदम घातलं होतं, मग सावलीत थोडं मुरवून घातल्यावर थांबलं. लाल तांदूळ पणजीत हातोहात गेला. कंपनी यंदा तोट्यात, बांध आणि दारं धरली तर बऱ्याच. मालकांना थोडं का होईना मिळालं, ज्योतीवाल्यांना जास्त, कोरगुटवाल्यांना कमी, त्यावरून कुरबूर आहे आणि ती योग्य आहे, कारण खालचा पट्टा खाली आहे तो त्यांच्या चुकीने नाही. पुढच्या वर्षी बांधाचा खर्च सगळ्यांवर सारखा न टाकता वरच्यांवर थोडा जास्त टाकायचा का, ते चाललंय.

नुकसानभरपाईचा अर्ज ज्याचं कृषी कार्ड त्याच्याच नावाने जातो. आमच्यातल्या कित्येकांकडे कार्डच नाही, शेत पडीक होतं तर कार्ड कशाला काढतील. जानेवारीत कागदपत्रं करतानाच कार्डं काढून घ्या, नंतर धावपळ करून उपयोग नाही.

७ डिसेंबर

नवी पावणी महिनाअखेर. यंदा पावणीच्या अटींतच लिहायचं ठरलंय, १५ मे पासून कापणीपर्यंत पाख अडवायचं नाही. अट घातली की बोली पडणार हे उघड आहे, गेल्या वर्षीपेक्षा तिसरा हिस्सा तरी कमी असा सगळ्यांचा अंदाज. तो खड्डा एक वर्ष भरायला कंपनी तयार आहे. संघटना म्हणते तीन वर्षांचं लिहून द्या, एका वर्षाने तुम्ही गेलात तर अट आमच्या गळ्यात आणि पैसा नाही. मी ऑफिसला तीनच लिहून पाठवलंय. सोमवारपर्यंत उत्तर यायला हवं.

बांधाचा राहिलेला थर जानेवारीत सुरू, होडी सांगून ठेवलीय. मेस्तांनी डाव्या पाखाची खालची खुंटी झिजलीय म्हणून सांगितलं, बदलायला दीडशे रुपयांचं लाकूड आणि एक सुकती लागते.